वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधीची मानसशास्त्रीय तपासणी : दोन केंद्रांचा अनुभव

बॅरिआट्रिक शस्त्रक्रिया करायची ठरली की तपासण्यांची एक लांबलचक यादी हातात पडते. रक्त, हृदय, फुप्फुसे, एंडोस्कोपी, आहारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ असे सगळे झाल्यावर त्या यादीच्या तळाशी ‘मानसशास्त्रीय मूल्यमापन’ अशी एक ओळ असते आणि बहुतेक रुग्ण ती उरकण्याची बाब समजतात. मीही तशीच समजत होतो. योगायोगाने मला ही तपासणी दोनदा करून घ्यावी लागली, दोन वेगवेगळ्या केंद्रांत, सुमारे सात महिन्यांच्या अंतराने. पहिल्या ठिकाणी ती बारा मिनिटांत संपली आणि माझ्या हातात एक प्रमाणपत्र आले. दुसऱ्या ठिकाणी तीन भेटी झाल्या, प्रश्नावल्यांचा गठ्ठा भरावा लागला आणि शेवटी शस्त्रक्रिया तीन महिने पुढे गेली. आज शस्त्रक्रियेला दीड वर्ष होत आले असताना या दोन अनुभवांविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. केंद्रांची नावे देत नाही, कारण ज्याला ही तपासणी करून घ्यायची आहे त्याला नावापेक्षा त्या खोलीत काय घडायला हवे हे कळण्याची गरज अधिक आहे.

आधी माझी स्थिती सांगतो. वजन १२७ किलो, उंची १७२ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) ४३ च्या आसपास. अकरा वर्षांचा मधुमेह, रक्तदाब, दोन्ही गुडघ्यांचे दुखणे आणि छातीत सतत होणारी जळजळ. या जळजळीमुळेच शल्यचिकित्सकांनी स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढण्याऐवजी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठराचा लहान कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडणे, सुचवला होता. शरीराच्या बाजूने शस्त्रक्रियेची गरज स्पष्ट होती आणि त्याबद्दल दोन्ही केंद्रांचे एकमत होते.

पहिल्या केंद्रात मानसशास्त्रीय तपासणीसाठी मला ओपीडीच्या बाहेर एका अरुंद मार्गिकेत बसवले. तिथल्या खुर्च्यांना दोन्ही बाजूंनी हात होते आणि त्यांच्यामधले अंतर माझ्या देहाला पुरत नव्हते, म्हणून मी उभाच राहिलो. ज्या विभागात येणारा प्रत्येक माणूस वजनासाठीच येतो तिथे ही गोष्ट कोणाच्याच लक्षात येऊ नये, याचे मला आजही वाईट वाटते. क्लिपबोर्डला लावलेला एक फॉर्म दिला गेला. भिंतीला टेकवून मी तो भरला. त्यातला मुख्य भाग पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली होती, जिच्यात गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला असे विचारलेले असते आणि प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण मिळतात. नंतर आत बोलावून एका तरुण समुपदेशकांनी तीन प्रश्न विचारले : घरात कोणाला मानसिक आजार होता का, दारू किती घेता, आणि शस्त्रक्रियेची माहिती मिळाली आहे का. मी उत्तरे दिली, त्यांनी सही केली. कागदावर लिहिले होते, ‘शस्त्रक्रियेसाठी मानसिकदृष्ट्या योग्य’.

पीएचक्यू-९ मधला शेवटचा, नववा प्रश्न आपण नसतो तर बरे झाले असते किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार मनात आले का, याविषयी असतो. मी त्यापुढे ‘काही दिवस’ या रकान्यात खूण केली होती. खूण करताना हात थांबला होता, मग खरे लिहावे असे ठरवून मी ती केली होती. समुपदेशकांनी तो फॉर्म माझ्यासमोर उचलला, खालची बेरीज पाहिली आणि फाइलला टाचला. त्या खुणेविषयी मला कोणी एक शब्द विचारला नाही. खोलीतून बाहेर पडताना मला सुटल्यासारखे वाटले, हेही लिहायला हवे. विचारले नाही ते बरेच झाले, असा तो भाव होता. प्रतीक्षागृहातल्या इतर रुग्णांनी आधीच सांगून ठेवले होते की तिथे फार बोलायचे नाही, खाणे आटोक्यात आहे म्हणायचे, मन खंबीर आहे म्हणायचे. वर्षानुवर्षे वाट पाहून जो माणूस शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत आला आहे, त्याला ते दार आपल्या उत्तराने बंद होईल अशी भीती वाटणारच. तो लपवणार, हे गृहीत धरूनच या तपासणीची आखणी व्हायला हवी.

त्या वेळी साखर फार वाढलेली असल्याने शस्त्रक्रिया लांबली, मध्यंतरी माझे राहण्याचे ठिकाण बदलले आणि मी दुसऱ्या केंद्रात गेलो. जुने प्रमाणपत्र दाखवल्यावर तिथल्या समन्वयकांनी ते शांतपणे परत केले आणि आमच्याकडे ही तपासणी नव्याने होते असे सांगितले. मला राग आला. वेळ आणि पैसा दोन्ही पुन्हा जाणार होते.

या दुसऱ्या केंद्राची पहिली चांगली खूण म्हणजे प्रतीक्षागृहातल्या खुर्च्या. रुंद, भक्कम आणि बिनहाताच्या. वजनकाटाही चारचौघांत न ठेवता एका बंद खोलीत होता. मनाची तपासणी या गोष्टींपासूनच सुरू होते असे मी मानतो, कारण ज्या माणसाला खुर्चीत बसतानाच लाज वाटली तो आत जाऊन मोकळा बोलणार नाही.

पहिली भेट सव्वा तासाची होती. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मॅडमनी सुरुवातीलाच तीन गोष्टी सांगितल्या : अहवाल कोणाकोणाच्या हाती जाईल, त्यात काय लिहिले जाईल आणि काय लिहिले जाणार नाही, आणि अहवाल पाठवण्याआधी तो मला वाचून दाखवला जाईल. “तुम्हाला अडवणं हे माझं काम नाही. शस्त्रक्रियेनंतर तुम्ही कुठे अडखळाल ते आपण दोघांनी आधी शोधायचंय,” असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझी पीएचक्यू-९ हातात घेतली आणि बेरजेकडे न पाहता थेट खाली नवव्या प्रश्नावर बोट ठेवले. सात महिन्यांनंतरही माझी खूण त्याच रकान्यात होती.

त्यानंतरची दहा मिनिटे मी विसरणार नाही. त्यांनी आडून काहीही विचारले नाही. असा विचार येतो तेव्हा नेमके काय मनात येते, मरावे असे वाटते की केवळ हे सगळे थांबावे असे वाटते, कधी काही ठरवले होते का, कधी काही केले होते का, घरात कोणाला हे माहीत आहे का, हे सगळे सरळ शब्दांत आणि आवाज न बदलता विचारले. मी काही ठरवलेले नव्हते आणि कधी काही केलेले नव्हते. पण बाथरूममध्ये मोजे घालायला खाली वाकता येत नाही अशा सकाळी तो विचार येऊन जायचा, हे मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसासमोर बोललो. तिथल्या तिथे आम्ही दोघांनी मिळून एका कागदावर लिहून काढले की असा विचार बळावला तर मी प्रथम काय करीन, कोणाला फोन करीन आणि केंद्रात कोणाशी संपर्क साधीन. त्या कागदाची एक घडी आजही माझ्या पाकिटात आहे.

माझी एकूण बेरीज ११ होती. १० आणि त्यावरचे गुण मध्यम किंवा त्याहून तीव्र नैराश्याकडे बोट दाखवतात. पण मॅडमनी आकडा जसाच्या तसा घेतला नाही. या प्रश्नावलीत झोप, थकवा आणि भूक यांचेही प्रश्न आहेत आणि अतिवजन असलेल्या माणसाला हे तिन्ही त्रास नैराश्याशिवायही असू शकतात, असे त्यांनी समजावले. माझी पत्नी माझ्या घोरण्याविषयी आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा होण्याविषयी बोलल्यावर त्यांनी झोपेची चाचणी करायला सांगितले. तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार, निघाला. रात्री सीपॅपचा, म्हणजे हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा, मास्क लावू लागल्यानंतर महिन्याभरात दिवसाची ग्लानी उतरली आणि जे उरले ते खरे नैराश्य किती होते हे वेगळे दिसू लागले. मनाच्या तपासणीतून शरीराचा आजार सापडावा, ही गोष्ट मला त्या केंद्राच्या बाजूने फार मोठी वाटते.

खाण्याविषयीची चौकशी हा या तपासणीचा सर्वांत कसदार भाग होता. मी तयारीत होतो. आजवर केलेले आहाराचे सगळे प्रयोग, कशाने किती किलो उतरले आणि किती परत आले, हे सारे पाठ होते. मॅडमनी ते ऐकून घेतले, मग कोरा कागद आडवा ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढली. “हे कालचे चोवीस तास. कुठे कुठे खाल्लंत तिथे खूण करा. काय खाल्लंत ते नकोय मला,” एवढेच म्हणाल्या. मी सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री अशा खुणा केल्या आणि पेन खाली ठेवले. त्यांनी रेघेवर रात्री अकराच्या पुढचा मोकळा भाग पाहिला, पेन उचलून त्याचे टोक तिथे टेकवले आणि काही न बोलता थांबल्या. बराच वेळ तसेच गेले. मग मी त्यांच्या हातातून पेन घेऊन तिथे एकापाठोपाठ एक चार खुणा केल्या.

ते खाणे मी कधी खाणे म्हणून मोजलेच नव्हते. घर झोपल्यावर, स्वयंपाकघरात दिवा न लावता, फ्रिजच्या उजेडात उभ्याने खाल्लेले ते घास होते. चव लागायची नाही, भूकही नसायची, आणि सकाळी त्याची आठवण पुसट असायची. मॅडमनी त्याला नाव दिले. अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९५५ साली रात्रीच्या खाण्याच्या या विकाराचे वर्णन केले होते. रात्रीच्या जेवणानंतर दिवसभराच्या आहाराचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग पोटात जाणे, किंवा आठवड्यातून दोनदा तरी झोपेतून उठून खाणे, ही त्याची ओळख मानली जाते. झटक्याने, ताबा सुटून, थोड्या वेळात भरमसाट खाण्याचा विकार याहून वेगळा आहे. तो २०१३ मध्ये मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत स्वतंत्र निदान म्हणून आला आणि त्यासाठी आठवड्यातून किमान एकदा, असे तीन महिने, ही मर्यादा आहे. त्याची चाचपणी सोळा प्रश्नांच्या बिंज ईटिंग स्केलने झाली आणि मी त्यात बसलो नाही. पहिल्या केंद्राच्या फॉर्ममध्ये खाण्याविषयी एकच प्रश्न होता : ‘आहारावर नियंत्रण आहे का?’ मी ‘होय’ लिहिले होते.

हे फरक शास्त्रापुरते नसतात. बायपासनंतर जठराचा अगदी लहानसा कप्पा उरतो, त्यामुळे एका वेळी भरपूर खाणे शक्य नसते. पण थोडे थोडे, पुन्हा पुन्हा, नकळत खात राहणे त्या लहान कप्प्यातूनही सहज चालते. माझी सवय नेमकी तीच होती. शस्त्रक्रिया माझ्या जेवणाला आवर घालणार होती आणि माझे वजन बरेचसे जेवणाबाहेर होते.

दुसऱ्या भेटीत त्यांनी मला वजन उतरल्यावर काय काय बदलेल असे वाटते ते लिहायला सांगितले. मी नऊ गोष्टी लिहिल्या. त्या प्रत्येकीसमोर बसून आम्ही बोललो. गुडघे, साखर, श्वास, मोजे घालणे, प्रवासात बसता येणे या गोष्टी शस्त्रक्रियेच्या हातात होत्या. थोरल्या भावाशी तुटलेले बोलणे, कार्यालयात डावलले जाणे आणि लोकांत गेल्यावर वाटणारे कमीपण या गोष्टी नव्हत्या, किंवा फार थोड्या होत्या. मी ‘वजन ६५ किलो’ असेही लिहिले होते. बायपासनंतर वर्ष-दीड वर्षात साधारण मूळ वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास घट होते, त्यानंतर त्यातले थोडे परतही येऊ शकते, आणि सुटलेली कातडी राहते, हे शल्यचिकित्सकांनी मला सांगितले होतेच; पण त्या तीस टक्क्यांचा अर्थ १२७ वरून ८९ च्या आसपास असा होतो, हे मी स्वतः गुणाकार करून कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी मॅडमनी तो माझ्याकडून करून घेतला. ६५ ची अपेक्षा धरून मी ८९ वर पोहोचलो असतो तर एवढे मोठे यश मला अपयश वाटले असते.

त्याच भेटीत औषधांचा प्रश्न आला. गोळ्या नियमित घेता का, असे विचारले असते तर मी ‘हो’ म्हणालो असतो. त्यांनी विचारले, “गेल्या सात दिवसांत मधुमेहाची गोळी किती वेळा राहिली?” उत्तर ‘तीनदा’ असे होते. बायपासनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते. ते चुकले तर रक्तक्षय, हाडांची झीज आणि मज्जातंतूंचे विकार होऊ शकतात, आणि सतत उलट्या होत असताना थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) कमी पडले तर मेंदूवर परिणाम होतो. आठवड्यात तीन गोळ्या चुकवणाऱ्या माणसाने हे कसे निभवायचे, यावर आमचा अर्धा तास गेला.

तिसऱ्या भेटीला पत्नीला बोलावले होते. आधी तिच्याशी वेगळे, मग दोघांशी एकत्र बोलणे झाले. “यांना नाही म्हणायला मला जमत नाही, आणि हे बारीक झाल्यावर यांना माझी गरज राहील का असंही वाटतं,” हे तिने त्या खोलीत म्हटले. घरी ती ते कधी बोलली नव्हती. मॅडमनी तिची भीती उडवून लावली नाही. स्वीडनमध्ये हजारो रुग्णांच्या नोंदींवरून झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते की शस्त्रक्रियेनंतर एकट्या माणसांची नवी नाती जुळण्याचे प्रमाण वाढते, तसे जोडीने राहणाऱ्यांचे विभक्त होण्याचे प्रमाणही वाढते. हे तिला सांगणे काहींना कठोर वाटेल. मला ते आदराचे वाटले. आम्ही दोघे त्या दिवशी घरी जाताना पुष्कळ बोललो.

या केंद्रात खटकलेल्या गोष्टीही आहेत. प्रश्नावल्या फार होत्या. त्यांतली एक व्यक्तिमत्त्वाची चाचणी ३३८ विधानांची होती, प्रत्येकाला बरोबर की चूक असे उत्तर द्यायचे. उत्तर देणारा स्वतःला अधिक चांगले दाखवतो आहे का हे पकडणाऱ्या मापनपट्ट्या तिच्यात आहेत, हा तिचा उपयोग मला मान्य आहे. पण तीही इतर सगळ्यांबरोबर एकाच दुपारी भरून घेतल्याने शेवटची शंभर विधाने मी नीट वाचली असे छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. काही प्रश्नावल्यांचे मराठी भाषांतर इतके अवघडलेले होते की प्रश्नाचा अर्थ मलाच मदतनिसांना विचारावा लागला, आणि दुहेरी नकार असलेल्या वाक्याला ‘कधीच नाही’ असे उत्तर देताना आपण नेमके काय कबूल केले हे कळत नसे. बालपणातल्या अत्याचाराविषयीचा प्रश्न छापील फॉर्ममध्ये, शेजारी इतर माणसे बसलेली असताना, भरायला देणे ही तर गंभीर चूक आहे. तो प्रश्न खोलीत, तोंडी आणि सावकाश विचारण्याचा आहे. मी हे लेखी कळवले.

अखेरीस अहवाल आला. मला आधी वाचून दाखवला, तसे वचन दिले होते. त्यात शस्त्रक्रियेला विरोध नव्हता. ती तीन महिन्यांनी करावी, तोवर रात्रीच्या खाण्यासाठी आठ सत्रांचे समुपदेशन, नैराश्यासाठी मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला आणि सीपॅपचा नियमित वापर व्हावा, असे लिहिले होते. त्या दिवशी मी चिडून खोलीबाहेर पडलो. नापास झालो असेच वाटले. चार दिवस मी त्यांचा फोन घेतला नाही. शेवटी पत्नीनेच पुढची अपॉइंटमेंट घेतली.

बहुतेक रुग्णांना या तपासणीतून परवानगीच मिळते, थोड्यांना थांबावे लागते आणि कायमचा नकार फार क्वचित मिळतो. उपचार न झालेला तीव्र मनोविकार, चालू असलेले व्यसन, नुकताच झालेला आत्महत्येचा प्रयत्न अशा वेळी शस्त्रक्रिया थांबवणे योग्यच असते. नैराश्य आहे एवढ्यावरून कोणाला नाकारले जात नाही आणि जाऊही नये. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात शस्त्रक्रियेसाठी आलेल्यांपैकी सुमारे १९ टक्क्यांना नैराश्य आणि १७ टक्क्यांना ताबा सुटून खाण्याचा विकार असल्याचे दिसले. आणि या दोन्हींवरून नंतर वजन किती उतरेल याचा नीट अंदाज येत नाही, उलट शस्त्रक्रियेनंतर नैराश्य बहुधा कमी होते, असेही त्यात आढळले. काही लोक याच निष्कर्षावरून म्हणतात की मग ही तपासणी हवी कशाला. मला वाटते त्यांनी तपासणीकडून चुकीची अपेक्षा केली आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या १९९१ च्या परिषदेने शल्यचिकित्सा, वैद्यकशास्त्र आणि आहारशास्त्र यांच्याबरोबर मनोविकारशास्त्राचे जाणकारही रुग्णाची निवड करणाऱ्या चमूत असावेत असे म्हटले, तेव्हापासून ही तपासणी रूढ झाली; पण किलो मोजण्यासाठी काटा आहेच. माणूस बदललेल्या शरीरात सुरक्षित राहील का, गोळ्या घेईल का, मदत मागेल का, हे काटा सांगत नाही. म्हणून माझी कसोटी अशी : तपासणी संपल्यावर रुग्णाच्या हाती करायला काही काम दिले गेले का? पहिल्या केंद्राने मला कागद दिला. दुसऱ्याने काम दिले.

ते काम मी केले. रात्रीचे जेवण ठरल्या वेळी घेतले, स्वयंपाकघरातला दिवा लावल्याशिवाय फ्रिज उघडायचा नाही असा नियम केला, आणि जाग आल्यास उशाशी ठेवलेल्या वहीत वेळ लिहू लागलो. पहिल्या आठवड्यात वहीत अकरा वेळा नोंद होती, दहाव्या आठवड्यात दोनदा. मनोविकारतज्ज्ञांनी गोळी सुरू करतानाच सांगितले की बायपासनंतर काही औषधांचे शोषण बदलते, म्हणून हळूहळू विरघळणारी गोळी न देता साधी देतो आणि शस्त्रक्रियेनंतर मात्रा पुन्हा पाहू. दारूविषयीही त्यांनी बजावले. मी क्वचित घेणारा, जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या चाचणीत माझे गुण अगदी कमी. तरीही बायपासनंतर दारू रक्तात लवकर चढते आणि अधिक चढते, हे मला दोनदा ऐकवले गेले. अमेरिकेतल्या सुमारे दोन हजार रुग्णांच्या २०१२ च्या अभ्यासात मद्यविकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेआधी ७.६ टक्के होते, पहिल्या वर्षी ते जवळपास तेवढेच राहिले आणि दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेले.

या दुसऱ्या वर्षावरच माझी त्या केंद्राविषयीची सर्वांत मोठी तक्रार आहे. त्यांच्या ठरलेल्या कार्यक्रमात मानसशास्त्रज्ञांच्या भेटी एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी असतात आणि तिथे संपतात. आहारतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक पुढेही बोलावत राहतात. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांचा शस्त्रक्रियेआधी तीन वर्षे आणि नंतर तीन वर्षे मागोवा घेतला गेला, त्यात स्वतःला इजा केल्यामुळे तातडीच्या विभागात आणावे लागण्याचे प्रमाण नंतर सुमारे दीडपट झालेले दिसले. त्यातल्या बहुतेक घटना दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षातल्या होत्या, आणि जवळजवळ सगळ्या आधीपासून मानसिक आजाराचे निदान असलेल्यांच्या होत्या. ज्या माणसाची नवव्या प्रश्नावरची खूण इतक्या काळजीने वाचली गेली, त्याची शेवटची भेट बाराव्या महिन्यात ठेवणे हे त्या काळजीशी विसंगत आहे. हे मी मॅडमना प्रत्यक्ष सांगितले. त्यांनी ते मान्य केले आणि व्यवस्थापनाला आपण हेच सांगत आलो आहोत असे म्हणाल्या.

बाराव्या महिन्यात माझे वजन ८८ किलो होते, मधुमेहाची एकच गोळी उरली होती आणि पीएचक्यू-९ ची बेरीज ३ होती, नववा प्रश्न शून्यावर. फाइल बंद झाली. पंधराव्या महिन्यात मी स्वतः फोन करून, वेगळे शुल्क भरून, पुन्हा वेळ मागितली. सांगण्यासारखे काही विशेष नव्हते. वजन दीड किलोने वाढले होते, तेवढे चालते असे आहारतज्ज्ञ म्हणाल्या होत्या. मॅडमनी इकडचे तिकडचे विचारले, मग कोरा कागद आडवा ठेवून रेघ ओढली आणि पेन माझ्याकडे दिले. मी सकाळपासूनच्या लहान लहान सहा खुणा केल्या. मग रात्री बारा आणि एकच्या मध्ये, कोणी पेन टेकवण्याआधीच, एक सातवी खूण केली.

“ही कधीपासून?” त्यांनी विचारले.

“तीन आठवडे,” मी म्हणालो, आणि पिशवीतून वही काढली.